तुम्ही माणूस आहात, हे सिद्ध करा

गेल्या वर्षी आमच्या वस्तीतल्या अभ्यासिकेत एक विद्यार्थिनी शिष्यवृत्तीचा अर्ज भरत बसली होती. ती जन्मांध आहे. लॅपटॉपवर स्क्रीन रीडर लावून ती इतक्या झपाट्याने काम करते की शेजारची डोळस पोरे मागे पडतात. नाव, जन्मतारीख, जातीच्या दाखल्याचा क्रमांक, बँक खाते, सगळे तिने स्वतः भरले. शेवटी पडद्यावर रेघोट्या मारलेली, वेडीवाकडी सहा अक्षरे आली आणि गाडी तिथेच थांबली. स्क्रीन रीडरला वाचण्यासारखे तिथे काहीच नव्हते. तो नुसता ‘ग्राफिक, ग्राफिक’ म्हणत राहिला. अक्षरे ऐकवण्याची सोय त्या पानावर नव्हती. तिने हाक मारली, “दादा, जरा वाचून सांगा ना. हे यंत्र मलाच यंत्र समजतंय.”

सगळे हसले. तीही हसली. आमच्यापैकी एकाने अक्षरे वाचून दाखवली, तोवर वेळ संपला आणि अर्ज पुन्हा पहिल्या पानावर गेला. दुसऱ्या खेपेला तिने पासवर्ड आणि मोबाइलवर आलेला ओटीपी आमच्याच हवाली केला आणि बाजूला बसली. अर्ज भरला गेला, पण तो तिने भरला नाही. सायबर कॅफेत बसणाऱ्या कितीतरी अंध मुलामुलींचे पासवर्ड आज असे अनोळखी माणसांच्या हातात आहेत.

कॅप्चा नावाची ही चाचणी २००० सालाच्या आसपास अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या संशोधकांनी नावारूपाला आणली. अर्ज भरणारा माणूस आहे की आपोआप चालणारा प्रोग्रॅम, हे ओळखणे हा तिचा हेतू. वाकडी अक्षरे माणसाला वाचता येतात, यंत्राला येत नाहीत, एवढीच कल्पना. पण तिच्या पोटात एक गृहीतक होते: माणूस म्हणजे डोळस माणूस. वेबची मानके ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी या संस्थेच्या गटाने २००५ मध्येच लिहून ठेवले की ही चाचणी अंध आणि मंददृष्टी लोकांना दाराबाहेर ठेवते. त्याला वीस वर्षे झाली.

माणूस असल्याचा पुरावा मागितला जाणे आपल्याला नवे नाही. महाडचा लढा पाण्याच्या घोटापुरता नव्हता, तो बरोबरीचे माणूस म्हणून उभे राहण्याचा होता, हे आपण दर मार्चमध्ये सांगतो. तरीही अपंगांसाठी सुगम वेबसाइटचा विषय निघाला की आपलेच कार्यकर्ते म्हणतात, हा आयटीवाल्यांचा प्रश्न आहे, किंवा हे समाजकल्याणाचे काम आहे. आम्हीही बराच काळ तसेच समजत होतो. समाजशास्त्राच्या दोन वर्षांच्या अभ्यासक्रमात जात, वर्ग, लिंगभाव यांवर आम्ही पेपर लिहिले. अपंगत्वावर एक प्रकरणही शिकवल्याचे आम्हाला आठवत नाही. म्हणून हा इतिहास जरा मुळापासून सांगावासा वाटतो. तो संगणकापासून सुरू होत नाही. तो एका सरकारी कचेरीच्या चौथ्या मजल्यावर सुरू होतो.

अमेरिकेत १९६४ च्या नागरी हक्क कायद्याने एक तत्त्व घातले. सरकारी पैसा घेणाऱ्या कोणत्याही कार्यक्रमातून वंश, रंग किंवा राष्ट्रीय मूळ यांवरून कोणाला वगळता येणार नाही. कृष्णवर्णीयांच्या लढ्याने मिळवलेले हे वाक्य. नऊ वर्षांनी, १९७३ मध्ये, पुनर्वसन कायदा झाला तेव्हा त्याच्या शेवटच्या भागात, कलम ५०४ मध्ये, याच वाक्याच्या साच्यावर अपंगांसाठी तरतूद आली. पण कलम अमलात यायला नियमावली लागते. नियमावलीवर आरोग्य, शिक्षण व कल्याण खात्याच्या मंत्र्याची सही लागते. ती सही चार वर्षे झाली नाही. रुग्णालये, विद्यापीठे, सगळ्यांनाच धास्ती होती की उतार, लिफ्ट, दुभाषे यांवर खर्च करावा लागेल. १९७७ मध्ये राष्ट्राध्यक्ष कार्टर आले. त्यांच्या जोसेफ कॅलिफानो या मंत्र्यांनी नियमावली पुन्हा तपासायला घेतली. अपंगांच्या संघटनांनी ओळखले की तपासणे म्हणजे सौम्य करणे.

५ एप्रिल १९७७ रोजी अनेक शहरांत या खात्याच्या कचेऱ्यांवर निदर्शने झाली. इतर ठिकाणची लवकर आटोपली. सॅन फ्रान्सिस्कोत मात्र दीडशेच्या आसपास अपंग कार्यकर्ते कचेरीत शिरले आणि बाहेर पडायला तयार होईनात. ज्युडिथ ह्यूमन, किटी कोन या त्यांच्या पुढाऱ्या. दोघीही व्हीलचेअरवर. तिथे बसलेल्यांपैकी कित्येकांना रात्री कूस बदलायलाही दुसऱ्याचा हात लागे. औषधे संपत आली होती. टेलिफोन तोडले गेले, तेव्हा कर्णबधिर कार्यकर्त्यांनी खिडकीत उभे राहून खुणांच्या भाषेत बाहेरच्यांना निरोप दिले. ज्यांना जग मुके समजत होते तेच त्या इमारतीचा आवाज झाले होते.

आणि जेवण? जेवण ब्लॅक पँथर पार्टीने पुरवले. त्या ठिय्यात ब्रॅड लोमॅक्स नावाचा एक पँथर होता. त्याला मल्टिपल स्क्लेरोसिस हा आजार होता आणि तो व्हीलचेअर वापरत असे. त्याच्यामुळे पक्षाने हा लढा आपला मानला. खाडीपलीकडच्या ओकलंडहून पँथरांचे लोक रोज गरम जेवण घेऊन यायचे, पहारेकऱ्यांशी हुज्जत घालून ते वर पोहोचवायचे. कामगार संघटना आणि चर्चवालेही मदतीला होते, पण रोजच्या ताटाची जबाबदारी पँथरांनी उचलली. २८ एप्रिलला कॅलिफानोंनी नियमावलीवर सही केली, तीही जशीच्या तशी. ३० एप्रिलला आंदोलक गाणी म्हणत बाहेर पडले. २०२० च्या ‘क्रिप कॅम्प’ या माहितीपटात या ठिय्याची खरी दृश्ये आहेत. अभ्यासिकेत एकदा जरूर दाखवा.

त्याआधी पाच वर्षे, १९७२ मध्ये, मुंबईत दलित पँथर उभी राहिली, तिने आपले नाव ओकलंडच्या याच पक्षाकडून घेतले होते. पँथर म्हटले की आपल्याला वरळीची दंगल आठवते, मोर्चे आठवतात, कविता आठवतात. दीडशे अपंगांसाठी जेवणाची पातेली उचलून आणणारी पँथर आपल्या भाषणांत येत नाही. आपण नाव घेतले, हा धागा घ्यायचा राहून गेला.

या नियमावलीत एक विचार होता, तो आरक्षणावर वाद घालणाऱ्या प्रत्येकाला ओळखीचा वाटेल. सगळ्यांना सारखेच वागवले म्हणजे समता झाली, हे इथे लागू पडत नाही. पायऱ्या सगळ्यांसाठी सारख्याच असतात. व्हीलचेअरवरचा माणूस खालीच राहतो. समता आणायची तर आधी इमारत बदलावी लागते. ‘आम्ही कोणाला अडवले नाही, ज्याला यायचे त्याने यावे’ हे वाक्य आपण कितीदा ऐकले आहे! पुढे १९९० मध्ये अमेरिकेत अपंगांच्या हक्कांचा व्यापक कायदा झाला. २६ जुलैला त्यावर सही झाली, तेव्हा वेब अजून लोकांपर्यंत पोहोचलेच नव्हते. कायद्यात दुकाने आहेत, हॉटेले आहेत, चित्रपटगृहे आहेत. वेबसाइट हा शब्द नाही. त्या गैरहजेरीवर पुढची तीस वर्षे वकिलांनी कज्जे चालवले.

टिम बर्नर्स-ली यांनी सर्न प्रयोगशाळेत वेबचा प्रस्ताव मांडला तो १९८९ मध्ये. सुरुवातीचे वेब जवळपास नुसत्या मजकुराचे होते. गंमत अशी की अंधांना ते पुढच्या चकचकीत वेबपेक्षा सोपे होते. पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारे स्क्रीन रीडर तेव्हा आलेलेच होते. त्यांतला सर्वांत गाजलेला ‘जॉज’ १९८९ चा. तो काढणारे टेड हेंटर हे एके काळचे मोटारसायकल शर्यतपटू. १९७८ मध्ये मोटारीच्या अपघातात त्यांची दृष्टी गेली होती. मग खिडक्यांचे, चित्रांचे संगणक आले. १९९३ मध्ये मोझाइक ब्राउझर आला आणि वेबच्या पानात मजकुराच्या बरोबरीने चित्रे दिसू लागली. बटणे चित्रांची, मथळे चित्रांचे, नकाशे चित्रांचे. डोळस माणसासाठी वेब उजळत गेले आणि अंध माणसासाठी त्याच वेगाने विझत गेले. हे कोणी ठरवून केले नाही. पण वस्तीत सार्वजनिक नळ कुठे बसवायचा हेही अनेकदा कोणी ठरवून करत नाही. तो बरोबर वरच्या आळीत बसतो.

उपाय मात्र अगदी साधा होता आणि तो पहिल्यापासून वेबच्या भाषेतच होता. प्रत्येक चित्रामागे एक लपलेले वाक्य लिहिता येते. त्याला ऑल्ट मजकूर म्हणतात. डोळस माणसाला ते दिसत नाही, स्क्रीन रीडर ते वाचतो. एचटीएमएलच्या चौथ्या आवृत्तीत, १९९७ मध्ये, ते प्रत्येक चित्राला सक्तीचे झाले. त्याच वर्षी डब्ल्यूथ्रीसीने सुगमतेसाठी वेगळा उपक्रम सुरू केला. ५ मे १९९९ रोजी मार्गदर्शक तत्त्वांची पहिली आवृत्ती आली. २००८ मध्ये दुसरी आली आणि तिने चार कसोट्या घालून दिल्या: पान कोणत्या ना कोणत्या इंद्रियाने कळले पाहिजे, माउस नसतानाही चालवता आले पाहिजे, समजले पाहिजे, आणि निरनिराळ्या साधनांवर टिकले पाहिजे. तिच्या सुधारित आवृत्त्या २०१८ आणि २०२३ मध्ये आल्या. यातले एकही कलम केवळ अंधांसाठी नाही. चित्रफितीखालची अक्षरे कर्णबधिरांसाठी, कीबोर्डवर चालणारे पान ज्यांचे हात थरथरतात त्यांच्यासाठी, ठळक रंगभेद मंददृष्टी लोकांसाठी, सोपी भाषा बौद्धिक अपंगत्व असलेल्यांसाठी. सोपी भाषा तर आपल्या पहिल्या पिढीच्या वाचकालाही हवी असते.

तत्त्वे लिहिली म्हणून कोणी पाळत नाही. पाळायला भाग पाडणारा पहिला मोठा खटला सिडनीत झाला. २००० च्या ऑलिम्पिकसाठी संयोजन समितीने वेबसाइट काढली होती. ब्रूस मॅग्वायर हे जन्मांध गृहस्थ ब्रेल पट्टी जोडून संगणक वापरत. चित्रांना ऑल्ट मजकूर नाही, वेळापत्रकावरून खेळांच्या यादीकडे जाता येत नाही, निकालाचे तक्ते वाचता येत नाहीत, अशी तक्रार त्यांनी १९९९ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या मानवी हक्क आयोगाकडे केली. मागण्या तीनच. समितीचे उत्तर ऐकण्यासारखे आहे. हे काम करायला एका माणसाला वर्षभर लागेल आणि वीस लाख डॉलरहून जास्त खर्च येईल, म्हणजे हा आमच्यावर अन्याय आहे! मॅग्वायर यांच्या बाजूच्या तज्ज्ञांनी हिशेब मांडला. काम थोड्याच लोकांचे आणि काही आठवड्यांचे निघाले. २४ ऑगस्ट २००० रोजी आयोगाने समितीविरुद्ध निकाल दिला आणि १५ सप्टेंबरपर्यंत वेबसाइट दुरुस्त करायला सांगितले. समितीने पूर्ण पालन केले नाही. ऑलिम्पिक उरकले आणि मग मॅग्वायर यांना २०,००० ऑस्ट्रेलियन डॉलर भरपाई मिळाली. खेळ संपल्यावर वेळापत्रक वाचायला मिळाल्यासारखेच ते. पण वेबसाइट ही सेवा आहे आणि तिथला भेदभाव हा भेदभावच आहे, हे जगात पहिल्यांदा ठासून सांगितले गेले.

अमेरिकेत २००६ मध्ये टार्गेट या दुकानसाखळीवर अंधांच्या राष्ट्रीय संघटनेने दावा लावला, तो २००८ मध्ये ६० लाख डॉलरच्या तडजोडीत मिटला. अशा दाव्यांची नंतर रीघ लागली, त्यांची यादी देत बसत नाही. आम्हाला त्याच २००६ सालातली दुसरी घटना जास्त मोलाची वाटते. ऑस्ट्रेलियातल्या मायकेल करन या अंध तरुणाने एक मोफत स्क्रीन रीडर लिहायला घेतला, जेम्स टेह हा त्याचा अंध मित्र त्याला येऊन मिळाला. महागडा स्क्रीन रीडर विकत घ्यायची ऐपत नाही म्हणून अंध माणसाने संगणकापासून दूर राहायचे, हे त्यांना मान्य नव्हते. त्या प्रोग्रॅमचे नाव एनव्हीडीए. आमच्या अभ्यासिकेतल्या मुलीच्या लॅपटॉपवर चालतो तो हाच. त्यात मराठी बोलणारा आवाजही बसवता येतो. थोडा चिरका आहे, पण पोटापुरते मराठी बोलतो.

आता आपल्याकडे या. इथे अडथळा इमारतीच्या आधी मनात बांधलेला आहे. अपंगत्व म्हणजे पूर्वजन्मीच्या पापाचे फळ, असे आजही सर्रास बोलले जाते. ज्या कर्मसिद्धांताने जातीला समर्थन दिले त्यानेच आंधळ्यापांगळ्यांनाही त्यांच्या जागी बसवले. बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात गतजन्मीच्या कर्माचा हा सिद्धांत बुद्धाच्या शिकवणीत बसत नाही, अशी मांडणी केली. आपण ती जातीपुरती वाचतो. महाडला २५ डिसेंबर १९२७ रोजी जो ग्रंथ जाळला गेला, त्याच मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायात जन्मांध, बधिर, मुके, वेडे यांना वारसाहक्कात वाटा नाही असे सांगितले आहे. त्यांना फक्त पोसावे. इंग्रजी अमदानीत १९२८ च्या कायद्याने ही बंदी बरीचशी उठवली, तरी जन्मापासून वेड असलेल्यांना वगळलेलेच ठेवले. ज्या हिंदू कोड बिलासाठी बाबासाहेबांनी मंत्रिपद सोडले, त्याचे तुकडे होऊन पुढे जे कायदे झाले त्यांतल्या १९५६ च्या वारसा कायद्याने कलम २८ मध्ये स्पष्ट केले की कोणत्याही रोगामुळे, दोषामुळे किंवा व्यंगामुळे वारसाहक्क जाणार नाही. ‘पोसावे’ पासून ‘हक्क’ पर्यंत यायला एवढा काळ लागला.

संविधानाबद्दल एक गोष्ट संकोच न करता कबूल केली पाहिजे. अनुच्छेद १५ मध्ये धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान यांवरून भेदभावाला बंदी आहे; त्या यादीत अपंगत्व नाही. ते येते अनुच्छेद ४१ मध्ये, सार्वजनिक साहाय्याच्या संदर्भात. म्हणजे मार्गदर्शक तत्त्वांत. त्यामुळे अपंगांच्या चळवळीला कायद्यासाठी रस्त्यावर यावे लागले. जावेद अबिदी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डिसेंबर १९९५ मध्ये दिल्लीत मोर्चा काढला आणि त्याच अधिवेशनात अपंग व्यक्तींचा पहिला कायदा झाला. संयुक्त राष्ट्रांचा अपंगांच्या हक्कांचा करार डिसेंबर २००६ चा. भारताने तो १ ऑक्टोबर २००७ रोजी कायम केला. त्याच्या नवव्या अनुच्छेदात इंटरनेटचे नाव आहे. सरकारी वेबसाइटसाठीची मार्गदर्शिका २००९ मध्ये निघाली. छापील पुस्तके अंधांना वाचता येतील अशा रूपात आणण्यासाठी कॉपीराइट कायद्यात २०१२ मध्ये सूट आली आणि त्याच विषयावरचा माराकेश करार जून २०१४ मध्ये सर्वांत आधी भारतानेच कायम केला. कागद पाहिले तर आपण जगाच्या पुढे आहोत!

२०१६ च्या नव्या कायद्याने अपंगत्वाचे प्रकार सातावरून एकवीसवर नेले. २०१७ च्या नियमावलीतील नियम १५ ने सांगितले की वेबसाइट सरकारी मार्गदर्शिकेनुसार असाव्यात आणि वेबसाइटवर टाकायचे दस्तऐवज ईपब किंवा अक्षरे ओळखता येतील अशा पीडीएफ स्वरूपात असावेत. सोप्या शब्दांत, कागदाचा फोटो काढून त्याला पीडीएफ म्हणायचे नाही. आम्ही वस्तीसाठी रोज योजनांची परिपत्रके उतरवून घेतो. सहीशिक्क्यासह स्कॅन केलेली, तिरकी, मधूनच टाचणीची सावली पडलेली ती पाने ज्याने पाहिली आहेत त्याला हा नियम कितपत पाळला गेला हे वेगळे सांगायला नको.

करोनाच्या काळात याची किंमत जिवाशी आली. लस हवी तर कोविन वेबसाइटवर नोंदणी. मे २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सरकारला दाखवून दिले की दृष्टिहीनांना ती वापरता येत नाही. कॅप्चा ऐकण्याची सोय नाही, वय आणि लसीचे नाव निवडायच्या चौकटी स्क्रीन रीडरला सापडत नाहीत. पुन्हा तीच सहा अक्षरे, फक्त आता पलीकडे शिष्यवृत्तीच्या जागी लस होती.

राजीव रतुरी विरुद्ध भारत सरकार या खटल्यात ८ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने नियम १५(१) रद्दच केला. कारण वाचण्यासारखे आहे. मूळ कायदा सुगमता बंधनकारक करतो आणि नियमाने तिला सल्ल्याचे रूप दिले. ‘करावे’ आणि ‘केले तर बरे’ यांतले अंतर न्यायालयाने मोजले आणि तीन महिन्यांत सक्तीचे नियम करायला सांगितले. इथे आम्हाला महाड आठवल्याशिवाय राहत नाही. सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबई कायदे मंडळाने १९२३ मध्ये मंजूर केला. सार्वजनिक पाणवठे, शाळा, कचेऱ्या, दवाखाने सर्वांना खुले झाले. महाड नगरपालिकेनेही तळे खुले असल्याचा ठराव केला. कागदावर तळे खुले आणि काठावर एकही माणूस नाही, अशी चार वर्षे गेली, मग २० मार्च १९२७ उजाडला. त्यानंतरचा कोर्टकज्जा १९३७ पर्यंत चालला. उघडे असणे आणि आत जाता येणे यांत किती पावलांचे अंतर असते हे आपल्या लोकांनी चालून पाहिले आहे.

३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने आणखी एक पाऊल टाकले. बँकेचे केवायसी करताना पडद्यासमोर डोळे मिचकवायला सांगतात. ॲसिड हल्ल्यातून वाचलेल्या ज्या स्त्रियांच्या पापण्याच जळाल्या, त्यांनी काय मिचकवायचे? त्या स्त्रिया आणि एक दृष्टिहीन वकील न्यायालयात गेले. डिजिटल सेवांपर्यंत पोहोचता येणे हा अनुच्छेद २१ मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, असा निकाल मिळाला. अनुच्छेद १५ च्या यादीत जो शब्द नव्हता त्याला संविधानातच दुसरीकडे जागा मिळाली.

नावाबद्दलही बोलू. या लेखात आम्ही ‘दिव्यांग’ हा शब्द वापरलेला नाही. २०१५ च्या शेवटी पंतप्रधानांनी तो सुचवला आणि सरकारी फलक बदलले. अपंगांच्या अनेक संघटनांनी तेव्हाच हरकत घेतली. दिव्यत्वाची पाटी लावली की उतार बांधायची जबाबदारी हलकी होते. हरिजन या शब्दावर १९३८ मध्ये मुंबई विधानसभेतून सभात्याग करणाऱ्या बाबासाहेबांच्या आणि स्वतंत्र मजूर पक्षाच्या वारसदारांना हे समजायला अवघड जाऊ नये. कोणाला दिव्यांग म्हणवून घ्यायला आवडत असेल तर तो त्यांचा अधिकार आहे. वरून दिलेल्या नावावर आमचा आक्षेप आहे.

आणि हा ‘त्यांचा’ प्रश्नही नाही. २०११ च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख अपंग व्यक्ती नोंदल्या गेल्या, लोकसंख्येच्या २.२१ टक्के. अनुसूचित जातींमध्ये हे प्रमाण २.४५ टक्के आहे. कुपोषण, वेळेवर न मिळालेला दवाखाना, गटार आणि बांधकामावरची कामे यांत ज्यांचे आयुष्य जाते त्यांच्या घरी अपंगत्व जास्त येणार, यात नवल ते काय? त्या घरातल्या मुलाला शिष्यवृत्ती, दाखला, पेन्शन, रेशन, सगळ्यासाठी आता वेबसाइटच्याच दारात उभे राहावे लागते. इंग्रजी कळत नाही, नेट पुरत नाही आणि पान वाचता येत नाही, असे तिन्ही कुलपांचे दार.

इथपर्यंत लिहून आम्ही सरकारवर बोट दाखवून मोकळे झालो असतो. पण त्या मुलीनेच आमचे कान टोचले. ती म्हणाली, “दादा, बाबासाहेबांचे खंड मला वाचायचेत. पीडीएफ आहे, पण माझ्या लॅपटॉपला त्यात काहीच सापडत नाही.” महाराष्ट्र शासनाने १९७९ पासून काढलेले बाबासाहेबांच्या लेखन-भाषणांचे खंड आपण सगळेच मोबाइलवर घेऊन फिरतो. आमच्या गटात फिरणाऱ्या प्रती म्हणजे पानांचे फोटो आहेत. १४ एप्रिलला आपण एकमेकांना शेकडो सुविचार पाठवतो. सगळे चित्रात. तिचा फोन प्रत्येक वेळी एवढेच सांगतो: फोटो, फोटो, फोटो. सरकारी कॅप्चा आणि आमचे जयंतीचे पोस्टर तिच्या कानाला सारखेच ऐकू येतात.

पुस्तिकांचे दुखणे आणखी खोल आहे. आपल्या चळवळीतल्या बऱ्याच पुस्तिका वीस-तीस वर्षांत डीटीपीच्या जुन्या फॉन्टमध्ये बसवलेल्या आहेत. त्या फॉन्टमध्ये ‘क’ दिसतो, पण संगणकाच्या पोटात तो इंग्रजी अक्षर किंवा एखादे चिन्ह म्हणूनच साठवलेला असतो. वर फक्त मराठी मुखवटा. स्क्रीन रीडर मुखवटा पाहत नाही. तो पोटातले वाचतो आणि अर्थहीन इंग्रजी अक्षरांचा पाऊस पाडतो. देवनागरीला प्रत्येक अक्षराचा स्वतःचा क्रमांक देणारे युनिकोड १९९१ पासून आहे. त्यात टंकलेले मराठी एनव्हीडीए सरळ वाचतो. पोस्टर चित्रातच करायचे असेल तर खाली तोच मजकूर टाइप करून टाकता येतो. त्याला पैसा लागत नाही, दोन मिनिटे लागतात. वर्षभराचे काम आणि लाखोंचा खर्च सांगणाऱ्या सिडनीच्या समितीला आपण हसलो, पण आमच्या बैठकीत हा विषय काढला तेव्हा पहिले उत्तर मिळाले ते हेच: एवढा वेळ कोणाकडे आहे?

शेवटी वेळ काढला. दर रविवारी आम्ही सहा-सात जण अभ्यासिकेत बसून एकेक जुनी पुस्तिका युनिकोडमध्ये पुन्हा टंकतो. मथळ्याला मथळ्याची खूण करायची, नुसते ठळक करून चालत नाही, कारण स्क्रीन रीडर मथळ्यांवरून उड्या मारत पान चाळतो, हे तिनेच शिकवले. तपासणीही तीच करते. पहिल्या पुस्तिकेच्या मुखपृष्ठाला आम्ही ऑल्ट मजकूर दिला होता, ‘बाबासाहेबांचा फोटो’. तिने विचारले, “हो, पण ते उभे आहेत का बसलेत? हातात काय आहे?” आम्ही पुन्हा पाहिले आणि लिहिले. आतापर्यंत चार पुस्तिका झाल्या आहेत. पाचवीत ती अकराव्या पानावर थांबली आहे. तिथे जमिनीच्या वाटपाचा एक तक्ता आहे आणि तो आम्ही अजून फोटो म्हणूनच चिकटवलेला आहे.